ऐरोलीकरांची पीएचडी: पवई की खारघर?
संगणकावरचं मॉडेलिंगच करायचंय, पण कशाचं? पवईच्या आयआयटी मुंबईत वाहत्या हवेपाण्याची समीकरणं सोडवा, हवामानाची मॉडेलं चालवा, धातूंचे अणू हलवा. आधी गेट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, गाईडही भरपूर. आयआयटीबी-मोनाश अकादमीतून गेलात तर काही महिने ऑस्ट्रेलियाही घडतो.

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, पैस लहान: कॅन्सरशी जोडलेली प्रथिनं संगणकावर कशी दुमडतात, औषध कुठे चिकटतं. पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची. पण शेजारच्याच प्रयोगशाळेत तुमचं भाकीत तपासता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप, २०२३ पासून दोन्हीकडे महिना ३७,००० रुपये, त्यामुळे पैशावरून ठरवू नका. प्रवास? पवई जवळ, पण जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) तुंबला की संपलं. खारघरला निदान पनवेल लोकल आहे.

गणित पक्कं असेल तर पवई. जीवशास्त्राची धास्ती नसेल तर मी खारघर धरेन.