मोठ्याने बोलत गाडी चालवणं: भीतीवरच्या या उपायाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी शिकताना वाटणारी भीती घालवायला लोक जे जे सुचवतात, त्यातलं बरंचसं मी करून पाहिलं. पण सविस्तर लिहावं अशी एकच गोष्ट निघाली. माझ्या बाबतीत खरा फरक तिने पाडला, आणि नवशिक्यांना ती फारसं कोणी सांगत नाही. गाडी चालवताना समोर काय दिसतंय आणि आपण आता काय करणार आहोत, हे सतत मोठ्याने बोलत राहायचं. याला 'कॉमेंटरी ड्रायव्हिंग' म्हणतात. ब्रिटनमध्ये पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत कित्येक दशकं वापरात आहे. चालकाचं लक्ष नेमकं कुठे आहे, हे शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला त्यातून कळतं. मुरलेल्या चालकांसाठीची ही गोष्ट मी अगदी दुसऱ्या गिअरमधल्या, घाम फुटलेल्या अवस्थेत वापरायला घेतली.

माझी भीती कसली होती ते आधी सांगतो, म्हणजे हा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे की नाही ते ठरवता येईल. माझा कधी अपघात झालेला नव्हता. नियम पाठ होते. पण आदल्या रात्रीपासून पोटात गोळा यायचा, स्टिअरिंगवर बसल्यावर बोटं पांढरी पडेपर्यंत पकड घट्ट व्हायची आणि क्लचवरचा पाय थरथरायचा. चौक जवळ आला की डोकं रिकामं. 'आता गाडी बंद पडणार, मागचा हॉर्न वाजवणार, सगळे बघणार' एवढं एकच डोक्यात फिरत राहायचं. ज्यांच्याकडे मी आधी शिकायला जात होतो, त्यांना वाटायचं ओरडलं की विद्यार्थी सावध होतो. ओरडल्यावर मी आणखी गांगरायचो. शेवटी शिकवणारी व्यक्ती बदलली, आणि नव्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही आत्ता बघताय कुठे?"

तोपर्यंत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी बॉनेटच्या जरा पुढचा रस्ता बघत होतो. नंतर वाचलं की बहुतेक नवशिके हेच करतात. मोरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी १९७२ मध्ये नवख्या आणि सरावलेल्या चालकांच्या नजरेची तुलना केली होती. नवखे लोक गाडीच्या अगदी पुढ्यात बघतात आणि आरशांकडे कमी बघतात, असं त्यात दिसलं. आता हिशोब करा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. नजर दहा मीटरवर खिळलेली असेल, तर प्रत्येक गोष्ट दिसल्यापासून सेकंदाभरात आपल्यापाशी येते. ती ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण तेवढा वेळ जातो. म्हणजे सगळं अंगावर धावून येतंय असं मला वाटत होतं, ते काही मनाचे खेळ नव्हते. जिथे बघत होतो तिथून खरंच तसंच दिसतं. हे समजल्यावर मला फार बरं वाटलं. भित्रेपणावर काय उपाय करायचा ते मला माहीत नव्हतं, पण नजर उचलता येण्यासारखी होती.

'लांब बघा' असं नुसतं सांगून मात्र नजर लांब जात नाही. घाबरलेला माणूस दोन क्षण लांब बघतो आणि परत बॉनेटवर येतो. बोलण्याचा पहिला उपयोग इथे झाला. बोलायला विषय हवा, आणि विषय लांबच सापडतो. सुरुवातीला मॅडम बोलायच्या आणि मी ऐकत चालवायचो. मग मी सुरू केलं. ते साधारण असं असतं: "रस्ता मोकळा. पुढे कडेला गाडी उभी, आत माणूस दिसतोय, दार उघडू शकतं. आरसा बघितला, मागे बाइक आहे, लांब आहे. अंतर सोडतोय. पुढचा सिग्नल हिरवा, केव्हाचा हिरवाच आहे, लाल होईल असं धरतो. पाय उचलला."

दुसरा उपयोग मला अपेक्षित नव्हता. माणूस बोलतो तेव्हा श्वास सोडत असतो, आणि बोलताना तो श्वास लांबतो. मी घाबरलो की श्वास रोखून धरायचो, आणि चौक पार झाल्यावर मोठा सुस्कारा टाकायचो. बोलत राहिलो की श्वास रोखता येतच नाही. 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला मी आधीही पाळून पाहिला होता. थांबलेल्या गाडीत तो छान चालतो, पण क्लच-ब्रेक सांभाळताना श्वास मोजायचं भान राहत नाही. बोलण्यात ते आपोआप होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे, 'सगळे बघणार' हा जो आतला आवाज आहे, तोही शब्दांचाच असतो. तोंडाने 'डावीकडून रिक्षा, ती थांबत नाहीये, मी थांबतो' असं म्हणत असताना त्याच वेळी मनात दुसरं वाक्य पूर्ण करणं अवघड जातं. भीती जात नाही. तिला बोलायला जागा मिळत नाही, एवढंच.

उच्चारून काम करण्याची ही कल्पना इतर ठिकाणीही मुरलेली आहे. रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानमध्ये रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो उच्चारतात, त्याला 'शिसा कांको' म्हणतात. तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेच्या एका चाचणीत साध्या कामातल्या चुका दर शंभर कृतींमागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. चाचणीतलं काम आणि रस्ता यांत फरक आहे हे मला मान्य आहे, पण पहिल्यांदा मोठ्याने बोलताना जो संकोच वाटतो, तो हे वाचून माझ्यापुरता संपला.

आता त्रासाचं. पहिले काही आठवडे हे प्रकरण मदतीपेक्षा जास्त ओझं वाटतं. तोंड मागे राहतं, गाडी पुढे जाते. 'समोर पादचारी' म्हणेपर्यंत तो पलीकडे पोचलेला असतो. शिवाय दिसेल ते सगळं बोलायचा मोह होतो. मॅडमनी चाळणी दिली: ज्यामुळे माझा वेग किंवा दिशा बदलू शकते, तेवढंच बोलायचं. पाट्या, झाडं, गाड्यांचे रंग नको. त्याने ओझं निम्म्यावर आलं. घसा कोरडा पडतो आणि डोकं थकतं, त्यामुळे वीसेक मिनिटांच्या वर सलग बोलू नये असं माझं मत झालंय. मधे थांबून पाणी प्यावं.

याहून वाईट सवय म्हणजे बोलता बोलता स्वतःलाच झापायला लागणं. 'परत बंद पडली, मला जमणारच नाही' ही कॉमेंटरी नाही. फक्त आत्ता काय आहे आणि पुढे काय करणार, इतकंच चालतं. भीती मात्र नोंद म्हणून बोलायला हरकत नाही: "खांदे वर गेलेत, खाली घेतोय. हात घट्ट झालेत, सैल करतोय." भावनेला नाव दिल्याने तिचा जोर कमी होतो, असं दाखवणारा लिबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा मेंदूवरचा अभ्यास आहे. तो प्रयोगशाळेत चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून केलेला होता, रस्त्यावर नव्हे. तरी माझा अनुभव त्याला जुळतो. 'हात घट्ट झालेत' म्हटल्याशिवाय ते घट्ट झाल्याचं मला कळायचंच नाही.

या सगळ्यात सर्वांत मोलाचं जे हाती लागलं, ते मॅडमच्या एका वाक्यात आहे: "शब्द अडले की पाय उचला." बोलणं अडलं याचा अर्थ, समोर घडतंय ते डोक्याच्या आवाक्याबाहेर चाललंय. अशा वेळी आरसा बघून वेग कमी करायचा. वेग उतरला की शब्द परत येतात. भीतीबद्दल मला हेच हवं होतं, काहीतरी करता येईल अशी खूण. 'घाबरू नकोस' यावर करण्यासारखं काहीच नसतं. 'शब्द अडले, पाय उचल' यावर असतं. आणि सेकंदाला पंधरा मीटरऐवजी दहा मीटर गाडी धावत असेल, तर तेवढ्याच अंतरात विचाराला दीडपट वेळ मिळतो, ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारं अंतर तर निम्म्याहून कमी होतं. ते अंतर वेगाच्या वर्गाच्या, म्हणजे वेग गुणिले वेग, या हिशोबाने बदलतं.

जिथे ही पद्धत कामाची नाही ती जागाही स्पष्ट सांगायला हवी. क्लच बोलून येत नाही. गाडी बंद पडण्याची भीती असेल तर त्यावरचा इलाज पायातच आहे. सपाट, रिकाम्या मैदानात पहिला गिअर टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, आणि क्लच अगदी सावकाश सोडत जायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचं नाक किंचित उचललं जातं, सीटखाली हलकी थरथर येते. तिथेच पाय धरून ठेवायचा. आजकालच्या बहुतेक गाड्या सपाटीवर नुसत्या तेवढ्यानेच सरकायला लागतात. परत क्लच दाबायचा, थांबायचं, परत तेच. हे करताना मी गप्प असायचो, कारण पायातली ती थरथर ऐकायला शांतता लागते. रिव्हर्स घेताना आणि पार्किंग करतानाही बोलण्याचा मला उपयोग झाला नाही. तिथे अतिशय हळू जाणं आणि मान वळवून बघणं, बस.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही क्लच आणि ब्रेक असतात. स्वतःच्या गाडीत ते नसतात. ताईला शेजारी बसवून बाहेर पडायला लागलो, तेव्हा गेलेली भीती सगळी परत आली. एकदा चढावर, सिग्नलला, हिरवा लागला आणि गाडी बंद पडली. मागून लगेच हॉर्न सुरू. ताई काही बोलणार तेवढ्यात मीच सुरू केलं: "ब्रेक दाबलाय. हॅन्डब्रेक. क्लच दाबला, न्यूट्रल. स्टार्ट. पहिला गिअर. क्लच सोडतोय... आवाज जड झाला. थोडी रेस. आरसा. हॅन्डब्रेक सोडतोय." गाडी मागे न सरकता निघाली. हॉर्न शेवटपर्यंत वाजतच होता, पण प्रत्येक पायरीला एक शब्द होता आणि माझं लक्ष पुढच्या शब्दाकडे होतं. ताई पुढच्या वळणावर म्हणाली, "मला वाटलं तू माझ्याशी बोलतोयस." तिला हे आधी समजावून सांगायला हवं, हे खरं. शेजारच्याने मधे भर घातली की तंद्री तुटते. आता तिला माहीत आहे, मी बोलत असलो की ती गप्प बसते, आणि धोका दिसला तर एकच शब्द बोलते.

इतर उपायांबद्दल थोडक्यात. घरी बसून व्हिडिओ बघण्याने नियम पक्के होतात, पण पायांची थरथर तशीच राहते. 'एकदा सरळ हायवेला घाल, भीती कायमची जाईल' हा सल्ला मला घातक वाटतो. नवशिक्याच्या भीतीसाठी दुसऱ्यांचे जीव पणाला लावायचे नसतात. मानसोपचारात भीती पायरीपायरीने कमी करण्याची रीत जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडली, आणि रस्त्यालाही तीच लागू पडते: मैदान, मग सुट्टीच्या सकाळची गल्ली, मग सिग्नल नसलेला छोटा चौक, मग मोठा, मग गर्दी. एका पायरीवर कंटाळा यायला लागला की वर जायचं. बोलणं या पायऱ्यांच्या ऐवजी नाही, त्यांच्यासोबत करायचं आहे. पायऱ्यांशिवाय नुसतं बोलून मला काही साधलं नसतं.

सध्या माझं बोलणं बरंच कमी झालंय. नेहमीच्या रस्त्यावर 'आरसा', 'सायकल', 'थांबेल' असे सुटे शब्द येतात, तेही अर्धे मनातच. जोराचा पाऊस, अनोळखी चौक किंवा मोठं सर्कल आलं की पूर्ण वाक्यं परत सुरू होतात, आणि मी ती मुद्दाम सुरू करतो. पोटातला गोळा लांबच्या प्रवासाआधी अजूनही येतो. पण गाडी निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांत विरतो.

ज्यांचा आधी अपघात झालाय आणि गाडीत बसताच तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, किंवा चालवता चालवता छाती आवळून येते, त्यांनी फक्त या पद्धतीवर विसंबू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं. शिकवणाऱ्याला हे बोलणं आवडत नसेल, तर त्याच्या गाडीत हट्ट करू नका. त्याच्या सूचना तुम्हाला ऐकू येणं जास्त महत्त्वाचं आहे.

करून बघायचं असेल तर सुरुवात स्टिअरिंगवर नको. दुसरं कोणी चालवत असताना, त्यांची परवानगी घेऊन, शेजारच्या सीटवरून बोला. हाताला आणि पायाला काही काम नसतं, त्यामुळे नजर मोकळी फिरते. समोरची गाडी ब्रेक मारेल असं तुम्ही म्हणालात आणि मग तिचे लाल दिवे लागले, असं वरचेवर व्हायला लागलं, की चालकाच्या सीटवर बसून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रिकाम्या रस्त्यावर सुरू करा.