घरच्या जुन्या संगणकासाठी एसएसडी : क्रुशियल एमएक्स५०० वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१४ सालचा आहे. चौथ्या पिढीचा इंटेल आय३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क अशी त्याची साधी जुळणी. घरचा हिशेब, मराठी टंकलेखन, जुन्या फोटोंचे स्कॅनिंग आणि मुलीचा अभ्यास एवढ्या कामांना हा प्रोसेसर आजही पुरतो. तरीही विंडोज १० घातल्यापासून यंत्र सुरू केले की टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर जाऊन बसे आणि पहिली चार-पाच मिनिटे माऊस हलवण्यापलीकडे काही करता येत नसे. केवळ एवढ्यासाठी नवा संगणक घेणे मला पटत नव्हते, म्हणून बरीच चौकशी करून ५०० जीबीची क्रुशियल एमएक्स५०० ही एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी फ्लॅश चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, घेतली. साडेतीन हजारांच्या आत मिळालेली ही ड्राइव्ह आता वर्षभराच्या आसपास रोज वापरात आहे आणि तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल एवढा अनुभव गाठीशी आला आहे.

जुना संगणक नेमका कशामुळे रखडतो हे समजून घेतले तर निवड सोपी होते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात आणि वाचणारा हात योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी ८-९ मिलिसेकंद जातात. अशी डिस्क सेकंदाला विखुरलेल्या जेमतेम शंभरेक जागांवरून वाचू शकते, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो लहान लहान फायली वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. एमएक्स५००साठी कंपनीने अशा विखुरलेल्या वाचनाचा आकडा सेकंदाला ९५,००० दिला आहे. घरच्या वापरात त्याच्या आसपासही जाण्याची वेळ येत नाही, पण फरक किती पटींचा आहे ते यावरून कळते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘५६० मेगाबाइट प्रतिसेकंद’ हा आकडा मात्र खरेदी करताना जवळजवळ निरुपयोगी आहे. ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा ३ जोडणीची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट आहे, त्यातून संकेतनाचा वाटा वजा जाता ६०० मेगाबाइट उरतात आणि प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपासच हाती लागतात. त्यामुळे स्वस्तातली आणि महागातली साटा एसएसडी या एका बाबतीत सारखीच दिसते. फरक असतो तो आत, आणि नेमके तेच खोक्यावर छापलेले नसते.

त्यातली पहिली बाब डीरॅमची, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या वेगवान तात्पुरत्या मेमरीची. कोणती माहिती फ्लॅशच्या कोणत्या कप्प्यात ठेवली आहे याचा तक्ता एसएसडीला सतत लागतो. चांगल्या ड्राइव्हमध्ये हा तक्ता ठेवण्यासाठी साधारणपणे दर १ टीबीमागे (१००० जीबीमागे) १ जीबी या प्रमाणात स्वतंत्र डीरॅम चिप असते. ती नसेल तर तक्त्याचा बराच भाग फ्लॅशमधूनच पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, आणि ड्राइव्ह भरत आली किंवा एकाच वेळी अनेक कामे चालू असली की वेग अडखळतो. एनव्हीएमई या साटाहून वेगवान जोडणीच्या ड्राइव्ह अशा वेळी संगणकाची थोडी रॅम उसनी घेऊ शकतात. साटा ड्राइव्हना ती सोय नाही, म्हणून साटा घेणाऱ्याने डीरॅमचा आग्रह धरावाच. एमएक्स५००मध्ये डीरॅम आहे. त्याच कंपनीच्या स्वस्त बीएक्स५००मध्ये ती नाही, आणि नावे इतकी सारखी असताना दुकानात एकाऐवजी दुसरी हाती पडणे सहज शक्य आहे. पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचे पहिले अक्षर नीट वाचून घ्यावे.

दुसरी बाब फ्लॅशच्या जातीची. एका पेशीत तीन बिट साठवणारी ती टीएलसी आणि चार साठवणारी ती क्यूएलसी. दोन्हींत येणारी माहिती आधी एका वेगवान राखीव भागात उतरवली जाते, पण तो भाग भरला की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी मॉडेलसाठी राखीव भाग भरल्यानंतरचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० मेगाबाइट असा स्वतःच जाहीर केला आहे. हा वेग साध्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी आहे. फक्त सिनेमे आणि फोटो साठवायचे असतील तर क्यूएलसी चालून जाईल, पण ज्या एकाच ड्राइव्हवर विंडोजही आहे आणि घरची सगळी कामेही, तिथे मी टीएलसीच घेईन.

तिसरी बाब टिकाऊपणाच्या हमीची, आणि माझ्या मते सामान्य ग्राहकाने सर्वांत आधी पाहावी अशी हीच. एमएक्स५००च्या ५०० जीबी मॉडेलला पाच वर्षे किंवा १८० टीबी लेखन, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर वॉरंटी आहे. पाच वर्षांत वाटून पाहिले तर हे रोजचे सुमारे ९८ जीबी लेखन होते आणि कोणत्याही घरात इतके लिहिले जात नाही. सॅमसंग ८७० ईव्हीओला याच क्षमतेत ३०० टीबी आणि पाचच वर्षे मिळतात, किंग्स्टन ए४००च्या ४८० जीबी मॉडेलला १६० टीबी आणि तीन वर्षे. मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, अनोळखी नावांच्या ड्राइव्ह याहून कितीतरी कमी किमतीत समोर ठेवल्या जातात. त्यांच्या खोक्यावर क्षमता आणि वेग ठळक असतो, पण लेखनाची मर्यादा बहुधा कुठेच सापडत नाही. जो उत्पादक हा आकडा लिहून देत नाही त्याच्या ड्राइव्हवर घरचे फोटो ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लॅश चिप स्वतः बनवणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. क्रुशियल हे नाव त्यांपैकी मायक्रॉनचे, आणि स्वतःच्या कारखान्यातली चिप असणे हीदेखील एक प्रकारची हमीच आहे. याउलट ऑनलाइन दीड-दोन हजारांत ‘२ टीबी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पोर्टेबल एसएसडींत पुष्कळदा लहानशी मेमरी चिप बसवून क्षमता खोटी दाखवलेली असते. तशी शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने संपूर्ण जागा लिहून आणि परत वाचून तपासता येते.

बसवण्याचे काम घरच्या घरी होते. २.५ इंची ड्राइव्ह ३.५ इंची जागेत बसवायला पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट लागते आणि साटा केबल खोक्यात येत नाही, म्हणून या दोन्ही वस्तू दुकानातूनच घेऊन याव्यात. एच८१ चिपसेटवर चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात, उरलेले दोन ३ गिगाबिटचे. मदरबोर्डवर पोर्टांशेजारी बारीक पांढऱ्या अक्षरांत त्यांची नावे छापलेली असतात. टॉर्चच्या उजेडात ती वाचून, पुस्तिकेशी ताडून मगच केबल लावावी आणि तिची धातूची कडी टक् असा आवाज करून बसली याची खात्री करावी. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, साटासाठी एएचसीआय ही पद्धत निवडलेली असणेही आवश्यक आहे. मी जुन्या विंडोजची नक्कल न करता नव्याने विंडोज घातले, आणि ते घालत असताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवली. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर सुरुवातीच्या फायली जुन्या डिस्कवरच जाऊ शकतात, आणि मग पुढे कधी ती काढली की संगणक सुरूच होत नाही. नंतर ५०० जीबीऐवजी ४६५ जीबी दिसले तर घाबरू नये. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज द्विमान पद्धतीने, एवढाच तो फरक.

पहिल्या दिवसापासून जाणवलेला फरक मोठा होता आणि आजही तो कमी झालेला नाही. बटण दाबल्यापासून वीसेक सेकंदांत ब्राउझर उघडता येतो. हजारो फोटोंच्या फोल्डरमधली छोटी चित्रे पूर्वी एकेक करून उमटत, आता सरकपट्टी ओढावी तशी ती समोर येतात. विंडोजची अद्यतने चालू असताना दुसरे काम थांबवावे लागत नाही, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट हीच. प्रोसेसरचे काम मात्र प्रोसेसरच्याच वेगाने होते. व्हिडिओ तयार करून जतन करायला आधी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. ज्यांच्याकडे ४ जीबीच रॅम आहे त्यांनी एसएसडीबरोबर तीही वाढवावी.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून या बाजूकडे मी विशेष लक्ष ठेवले. टीएलसी पेशीत माहिती टप्प्याटप्प्याने भरली जाते, आणि मध्येच वीज गेली तर त्याच पेशीत आधी नीट लिहिलेली माहितीही बिघडू शकते. एमएक्स५००मधली वीज जाण्यापासूनची सुरक्षा ही आधी लिहिलेली माहिती वाचवते. जी माहिती त्या क्षणी रॅममध्ये किंवा वाटेत आहे ती वाचवणे तिच्या हातात नाही, त्यामुळे यूपीएसची गरज संपत नाही. याच कारणाने कंपनीच्या स्टोरेज एक्झिक्युटिव्ह या प्रोग्रॅममधील मोमेंटम कॅशे ही सोय मी बंद ठेवली आहे. ती संगणकाची रॅम वापरून चाचणीतले आकडे वाढवते, पण अचानक अंधार झाला तर त्या रॅममधले सगळे जाते. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम, अद्ययावत करण्यासाठी मात्र तोच प्रोग्रॅम उपयोगी आहे.

ड्राइव्हची स्थिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये आज ड्राइव्हचे आरोग्य ९८ टक्के दिसते आणि एकूण लेखन साडेपाच टीबीच्या आसपास आहे, म्हणजे हमीच्या १८० टीबीचा जेमतेम तीन टक्के भाग. भर उन्हाळ्यातही तापमान चाळिशीच्या आगेमागे राहिले, आणि उत्पादकाची मर्यादा ७० अंशांची आहे. देखभाल म्हणून मी फक्त पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवतो. डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे, करण्याची गरज नाही. विंडोज स्वतःच ट्रिमची आज्ञा देऊन रिकामे झालेले कप्पे ड्राइव्हला कळवत असते.

याच ट्रिममुळे एक गोष्ट मात्र गंभीरपणे लक्षात ठेवावी लागते. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल बऱ्याचदा परत मिळवता येते, पण ट्रिम झालेल्या एसएसडीवरून ती मिळणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय हार्ड डिस्क बंद पडण्याआधी अनेकदा खरखर करून इशारा देते, एसएसडी मात्र काही न सांगता थांबू शकते. म्हणून जुनी हार्ड डिस्क मी परत जोडली असून दर आठवड्याला महत्त्वाच्या फायली तिच्यावर उतरवतो. उलटा प्रकार, म्हणजे एसएसडीत फोटो भरून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे, अजिबात करू नये. चिप उद्योगाची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या घरगुती एसएसडीसाठीच्या मानकात, लेखनाची मर्यादा संपलेल्या ड्राइव्हने विजेविना ३० अंश तापमानात माहिती राखण्याची अपेक्षा एका वर्षाचीच आहे. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकवेल, पण ती कपाटासाठी बनलेली वस्तू नाही.

एमएक्स५०० ही २०१७च्या अखेरीस आलेली ड्राइव्ह आहे आणि आता ती मिळेल तिथे, योग्य किमतीत मिळाली तरच घ्यावी. ८७० ईव्हीओ तिच्या जवळपासच्या भावात मिळत असेल तर लेखनाच्या जास्त हमीमुळे मी ती निवडेन. ज्यांचा मदरबोर्ड अलीकडचा आहे आणि त्यावर एनव्हीएमई चालणारी एम.२ जागा (पट्टीच्या आकाराची ड्राइव्ह बसवण्याची खाच) आहे, त्यांनी साटा घेऊच नये. त्याच पैशात पाच वर्षांची वॉरंटी असलेली टीएलसी एनव्हीएमई पाहावी. एम.२ जागा केवळ साटासाठी आहे का, हे मात्र पुस्तिकेत आधी तपासावे, कारण दोन्ही प्रकारच्या पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्याच असतात.