‘एलियन ३’: ११४ मिनिटांचा पाहावा की १४५ मिनिटांचा?

‘एलियन’ मालिकेतले पहिले दोन चित्रपट पाहून झाले की तिथेच थांबावे, असा सल्ला पुष्कळ जण देतात. रिडली स्कॉट यांचा १९७९ चा ‘एलियन’ आणि जेम्स कॅमेरॉन यांचा १९८६ चा ‘एलियन्स’ यांच्या थोरवीविषयी फारसे दुमत नाही. वादाला सुरुवात होते ती १९९२ च्या ‘एलियन ३’ पासून. मला हा सल्ला मान्य नाही. मात्र तो धुडकावून पुढे जाणाऱ्या प्रेक्षकापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, कारण या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत. पहिली मे १९९२ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत लागलेली, सुमारे ११४ मिनिटांची; दुसरी २००३ च्या डीव्हीडी संचासाठी जुळवलेली, ‘असेंब्ली कट’ या नावाने ओळखली जाणारी, सुमारे १४५ मिनिटांची. फरक केवळ अर्ध्या तासाच्या लांबीचा नाही. चित्रपटाचा आरंभ, परग्रहवासी प्राण्याचा जन्म, मधल्या भागातील एक अख्खे उपकथानक आणि अखेरचा क्षण हे सारे दोन्हींत वेगळे आहे. या दोहोंतून निवड करायची असेल तर कथानकाविषयी थोडे बोलावेच लागेल. शेवटाचा भाग आला की तसे आधी सांगेन.

या चित्रपटाच्या बदनामीचे मोठे कारण दोन्ही आवृत्त्यांत सारखेच आहे, त्यामुळे आवृत्ती बदलून ते टळणार नाही. ‘एलियन्स’च्या शेवटी मालिकेची नायिका रिप्ली हिने जिवावर उदार होऊन वाचवलेली न्यूट ही मुलगी आणि हिक्स हा सैनिक, दोघेही येथे आरंभीची श्रेयनामावली संपण्याआधीच मेलेले असतात. जीवनरक्षक यान ‘फ्युरी १६१’ नावाच्या उजाड ग्रहावर कोसळते, आणि तेथील जवळजवळ ओस पडलेल्या तुरुंगवजा ओतशाळेत रिप्ली एकटी शुद्धीवर येते. आधीच्या चित्रपटाचा आनंद असा दोन मिनिटांत हिरावून घेतल्याचा राग अनेकांनी धरला आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही दिग्दर्शक डेव्हिड फिंचर या मृत्यूंवरून पुढे धावत सुटत नाही. न्यूटच्या शरीरात काही वाढत तर नाही ना, या भीतीपोटी रिप्ली तिच्या शवविच्छेदनाचा आग्रह धरते, आणि तिथे कॅमेरा बहुतांशी रिप्लीच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. राक्षसाच्या चित्रपटात शोकाला एवढी जागा देण्याचे धाडस मालिकेतल्या दुसऱ्या कोणत्याच भागाने केलेले नाही.

दोन आवृत्त्या का निर्माण झाल्या हे समजले तर निवड सोपी जाते. फिंचरचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी त्याने जाहिराती आणि गाण्यांचे व्हिडिओ केले होते. पटकथेचे अनेक मसुदे बाद झाले होते. आधी नेमलेले दिग्दर्शक विन्सेंट वॉर्ड यांच्या कल्पनेत लाकडाचा ग्रह आणि त्यावर राहणारे मठवासी होते. पुढे मठाचा तुरुंग झाला, पण मठाचा वास त्या तुरुंगाला कायमचा राहिला. १९९१ च्या आरंभी इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत चित्रीकरण सुरू झाले तेव्हाही पटकथा पूर्ण नव्हती. ‘ब्लेड रनर’चे छायाचित्रकार जॉर्डन क्रोनेनवेथ यांना आजारपणामुळे लवकरच काम सोडावे लागले आणि ॲलेक्स थॉमसन यांनी त्यांची जागा घेतली. निर्मिती कंपनी आणि दिग्दर्शक यांच्यातील ओढाताणीनंतर चित्रपट बराच कापला गेला, काही भाग नव्याने चित्रित झाले, आणि फिंचरने पुढे या कामाशी असलेले नाते जाहीरपणे झिडकारले. २००३ मध्ये जुन्या कच्च्या संकलनावरून लांब आवृत्ती तयार झाली, तीही त्याच्या सहभागाविना. म्हणून ‘असेंब्ली कट’ला दिग्दर्शकाची आवृत्ती म्हणणे चुकीचे आहे. एका न संपलेल्या चित्रपटाचा तो शक्य तितका नीट लावलेला खर्डा आहे, आणि या दृष्टीने पाहिले तर त्याचे पसरटपण क्षम्य ठरते.

आरंभातला फरक चटकन जाणवतो. लहान आवृत्तीत यान पाण्यात आदळते आणि आपण जवळपास थेट तुरुंगाच्या आत पोहोचतो. लांब आवृत्तीत तुरुंगाचा डॉक्टर क्लेमेन्स करड्या, वादळी किनाऱ्यावरून एकटा चालत येतो, त्याला वाळूत पडलेली रिप्ली सापडते, आणि नंतर कैदी बैलांच्या मदतीने यान पाण्याबाहेर ओढून काढतात. कथानकाच्या हिशेबाने या काही मिनिटांत नवे असे थोडेच आहे. परंतु हा ग्रह बाहेरून कसा दिसतो, येथे माणसे अजून जनावरांच्या बळावर काम का करतात, आणि अंतराळयुगाच्या मधोमध हे ठिकाण कुठल्या तरी मध्ययुगात कसे अडकून पडले आहे, हे सगळे एका शब्दाविना कळते. पुढे दोन तास आपण बंद बोगद्यांतच राहणार असतो. त्या आधी दिसलेले हे मोकळे, भकास आकाश फार उपयोगी पडते.

प्राण्याच्या जन्माच्या बाबतीत मात्र मी लहान आवृत्तीच्या बाजूचा आहे. तिथे तो कैद्यांच्या कुत्र्यातून जन्मतो, लांब आवृत्तीत मेलेल्या बैलातून. दोन्हीकडे हा जन्म न्यूट आणि हिक्स यांच्या अंत्यविधीशी आलटून पालटून जोडलेला आहे. मृतदेह भट्टीत सोडताना कैद्यांचा धर्मगुरू डिलन बीजातून उमलणाऱ्या नव्या जीवनाविषयी बोलत असतो आणि त्याच क्षणी दुसरीकडे ते नवे जीवन खरोखरच उमलत असते. संपूर्ण मालिकेतील उत्तम संकलनाच्या नमुन्यांपैकी हा एक. बैल आधीच मेलेला असल्याने तिथे वेदना नाही, फक्त किळस आहे. कुत्र्याच्या तडफडण्यात ती वेदना आहे. शिवाय या भागातला प्राणी चार पायांवर सुसाट धावतो, आणि ती चाल कुत्र्याच्या पोटी जन्मलेल्यालाच शोभते. (चित्रीकरणाच्या काळात एका खऱ्याखुऱ्या कुत्र्याला प्राण्याचा पोशाख चढवून पाहिला होता; परिणाम इतका हास्यास्पद झाला की तो बेत सोडून द्यावा लागला.)

खरी निवड ठरते ती गोलिकवर. पॉल मॅकगॅनने साकारलेला हा भ्रमिष्ट कैदी दोन साथीदारांसह बोगद्यात मेणबत्त्या लावत जातो. साथीदार मारले जातात, तो रक्ताने माखून परत येतो आणि खुनाचा आळ त्याच्यावर येतो. प्राण्याला तो ड्रॅगन म्हणतो. लहान आवृत्तीत तो रुग्णकक्षात खाटेला बांधलेला दिसतो आणि नंतर चित्रपटातून नाहीसाच होतो. त्याचे काय झाले हे कोणी सांगत नाही. लांब आवृत्तीत त्याची कथा पूर्ण होते आणि तिच्यासह चित्रपटाचा मधला भागच बदलतो. तेथे कैद्यांचा सापळा यशस्वी होतो. मोठी आग लागते, कित्येक जण जळून मरतात, ज्युनियर नावाचा कैदी स्वतःचा जीव देऊन प्राण्याला अणुकचऱ्याच्या कोठीत ओढून नेतो आणि दार बंद होते. आता फक्त वाट पाहायची, असे सर्वांना वाटत असताना गोलिक आपली सुटका करून घेतो, पहारेकऱ्याला मारतो आणि आपल्या ड्रॅगनच्या दर्शनासाठी ते दार उघडतो.

या उपकथानकामुळे संकटाचे स्वरूप बदलते. लहान आवृत्तीत सापळा फसतो तो अपघाताने. लांब आवृत्तीत तो माणसाच्या भक्तीने उधळला जातो. शेवटच्या काळाची वाट पाहणाऱ्या पंथाचे हे कैदी आहेत. त्यांच्यातल्या एकाला तो शेवट मूर्तिमंत समोर दिसला तर तो पळेल की गुडघे टेकेल, असा प्रश्न चित्रपट विचारतो आणि त्याचे उत्तरही देतो. डिलनची श्रद्धा माणसांना धरून ठेवते आणि गोलिकची श्रद्धा त्यांना मारते. चार्ल्स एस. डटनने डिलनचे काम इतक्या ताकदीने केले आहे की तो दोन्ही आवृत्त्यांत उठून दिसतो, परंतु गोलिकच्या कथेवाचून त्याच्यासमोर तोलाचे दुसरे टोकच उरत नाही. केवळ या एका कारणासाठीही मी लांब आवृत्तीला झुकते माप देईन.

उलट, लहान आवृत्तीच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे वेग. क्लेमेन्सची व्यक्तिरेखा दोन्हींत जवळपास सारखीच परिणामकारक आहे. चार्ल्स डान्सने रंगवलेला हा डॉक्टर रिप्लीला आपल्या भूतकाळाची कबुली देतो: दारूच्या अमलाखाली औषधाची मात्रा चुकली, अकरा माणसे दगावली, सात वर्षे तुरुंगात गेली. आपला त्याच्यावर विश्वास बसतो न बसतो तोच चित्रपट त्याला उचलून नेतो. अर्ध्यावरच सर्वांत आश्वासक पात्र गमावल्यानंतर लहान आवृत्ती थेट शिकारीच्या दिशेने धावते, तर लांब आवृत्ती पुन्हा एकदा तुरुंगात रेंगाळते. ज्याला भयपट म्हणूनच तो पाहायचा आहे त्याला हे रेंगाळणे जाचेल, हे मान्य करायला हवे.

पण रेंगाळण्याचा एक लाभ असा की माणसे ओळखू येतात. उवांमुळे सगळ्यांचीच मुंडकी तुळतुळीत, कपडे एकाच मळकट रंगाचे, उच्चार बहुतेकांचे ब्रिटिश. लहान आवृत्ती प्रथमच पाहणाऱ्याला कोण मेले आणि कोण उरले हे शेवटच्या पाठलागात हमखास कळत नाही. शिसे ओतण्याच्या साच्याकडे प्राण्याला फशी पाडत नेण्याचा तो पाठलाग कल्पना म्हणून नामी आहे, कारण येथे बंदुका मुळीच नाहीत. आहेत ती फक्त दारे, बोगदे आणि धावणारी माणसे. मात्र धावणारी माणसे कोण हे ठाऊक नसेल तर ताण अर्धाच लागतो. मॉर्स, ॲरन किंवा डेव्हिड यांचे चेहरे लांब आवृत्तीत अधिक ठसतात आणि मग या पाठलागाला वजन येते.

काही दोष कुठलीच आवृत्ती झाकू शकत नाही. दोरखंड आणि दांड्यांवर हलवलेली प्राण्याची बाहुली नंतर चित्रात मिसळली गेली, आणि पुष्कळ ठिकाणी ती पार्श्वभूमीपासून सुटी, वेगळ्याच प्रकाशात वावरताना दिसते. ऑस्करच्या दृश्यपरिणामांच्या नामांकनात हा चित्रपट होता, हे आज पाहताना नवल वाटते. टॉम वुडरफ ज्युनियर प्रत्यक्ष पोशाखात असतो ती निकटदृश्ये मात्र अजूनही अंगावर येतात, विशेषतः प्राणी रिप्लीच्या गालापाशी तोंड आणतो आणि तिला न मारताच मागे फिरतो ते दृश्य. इलियट गोल्डेन्थलचे संगीतही असेच टिकून आहे. फॉक्स कंपनीची ओळखीची तुतारी सुरू होते आणि शेवटून दुसऱ्या सुरावर ती अडकते, तो सूर ताणत ताणत कर्कश होतो. चित्रपट कसा असणार हे पहिले दृश्य दिसण्यापूर्वीच कळते.

आता शेवट, ज्यांना तो कोरा ठेवायचा आहे त्यांनी हा परिच्छेद वगळावा. रिप्लीच्या शरीरात परग्रहवासी प्राण्यांच्या राणीचा गर्भ वाढत आहे आणि या प्राण्याचे शस्त्र करू पाहणाऱ्या कंपनीची माणसे तो मिळवण्यासाठी येऊन ठेपली आहेत. दोन्ही आवृत्त्यांत ती मागे झुकून भट्टीत झेप घेते. १९९२ च्या आवृत्तीत पडता पडता तो जीव तिची छाती फोडून बाहेर येतो आणि ती त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवते. लांब आवृत्तीत तो दिसतच नाही, हात पसरून ती शांतपणे कोसळत जाते. मला दुसरा शेवट कितीतरी सरस वाटतो. जीव बाहेर येताना दाखवला की तिचे मरण त्या क्षणी अटळच होते, मग उडी ही केवळ घाई ठरते. तो दिसला नाही तर उडी हा पूर्णपणे तिचा निर्णय राहतो, आणि कंपनीचा माणूस मदतीचे आमिष दाखवत असताना तिने तो घेतलेला असतो. पहिल्या शेवटाचे समर्थक म्हणतात की मुलगी गमावलेल्या रिप्लीने त्या जीवाला छातीशी धरणे यात मातृत्वाचा भेसूर प्रतिध्वनी आहे. युक्तिवाद वजनदार आहे, पण पडद्यावर ते दृश्य तितके नाजूकपणे उतरलेले नाही.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याने, विशेषतः ‘एलियन्स’ नुकताच पाहिलेला असेल आणि न्यूटच्या मृत्यूचा राग येण्याची शक्यता असेल तर, लांब आवृत्तीच निवडावी; एवढे मोठे नुकसान सोसल्यावर त्या जागी चित्रपट नेमके काय देऊ पाहतो हे तिच्यातच पुरते दिसते. पूर्वी कधीतरी लहान आवृत्ती पाहून निराश झालेल्यांनाही माझे हेच सांगणे राहील. ज्याला दोन तासांच्या आत आटोपणारा, अंधारा आणि घट्ट बांधलेला पाठलाग हवा आहे त्याने १९९२ ची आवृत्ती पाहावी आणि गोलिकविषयी फार विचार करू नये. दोन्ही पाहण्याची तयारी असेल तर लांब आधी आणि लहान नंतर असा क्रम ठेवावा, कारण माणसे ओळखीची झाल्यावर लहान आवृत्तीचा वेग गोंधळात न पाडता सुखावतो.

निवड केल्यानंतर एक खातरजमा मात्र जरूर करावी. डिस्कवर लांब आवृत्ती ‘२००३ स्पेशल एडिशन’ अशा नावानेही येते, तेव्हा नावापेक्षा कालावधी तपासणे अधिक भरवशाचे: १४५ मिनिटांच्या आसपास असेल तर तीच. २००३ च्या डीव्हीडीवर परत घेतलेल्या काही दृश्यांतले संवाद सेटवरच्या गोंगाटात बुडालेले आहेत. २०१० च्या ब्ल्यू-रे संचासाठी रिप्लीची भूमिका करणारी सिगर्नी वीव्हर, चार्ल्स डान्स आदी कलाकारांकडून ते पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेण्यात आले, त्यामुळे लांब आवृत्ती पाहायची ठरवली तर या किंवा यानंतरच्या संचातूनच पाहावी.