आरओ-डीआय युनिट: मासे ठणठणीत होते, गोगलगायी मरत होत्या

समुद्री माशांच्या टँकसाठी पाणी शुद्ध करणारं हे आरओ-डीआय युनिट दिवाळीपासून वापरतोय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. युनिट साधंच आहे: सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, दिवसाला ७५ गॅलनची आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन. नेरूळला येणारं मोरबे धरणाचं पाणी मुळात हलकं, माझ्या मीटरवर ६०-७० टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार). एवढ्या चांगल्या पाण्याला हे कशाला, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. पण मला टीडीएसची काळजी नव्हतीच, तांब्याची होती.

टँक नवा, समुद्री. सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं) पूर्ण झालेली, क्लाऊनफिशची जोडी मजेत. टर्बो स्नेल, म्हणजे समुद्री गोगलगायी, मात्र सोडले की काचेवरून गळून पडायचे आणि उताणे राहायचे. क्लीनर श्रिंप (एक कोळंबी) आडवी पडून पाय झाडायची. (तिने टाकलेली कात बघून ‘मेली’ म्हणू नका, कात पोकळ असते.) अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) द्रावणावर लावून घेतलेला. दुकानदाराचं एकच पालुपद: ‘ड्रिप अजून हळू करा’, म्हणजे नव्या जिवाला टँकच्या पाण्याची थेंबथेंब सवय लावा.

पहिला संशय डासांच्या लिक्विडवर गेला. त्यातली पायरेथ्रॉइडं कोळंबीवर्गाला फार घातक, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. पण तसं असतं तर आधी श्रिंप आणि हर्मिट क्रॅब गेले असते. इथे सुरुवात स्नेलपासून होत होती. गोगलगायी आणि कोळंबी दोन्ही मरतात, मासे मात्र धडधाकट, म्हटल्यावर तांबं तपासायलाच हवं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध देतात ते याच फरकाच्या जोरावर. पण मी टँकमध्ये कधी औषध घातलंच नव्हतं.

उलगडा आईने केला. ‘अरे, तो सर्व्हिसवाला मुलगा मागे कॉपरची कार्ट्रिज बसवून गेला ना? तेव्हापासून पाण्याला तांब्याच्या हंड्याची चव आहे बघ.’ रोज उडून गेलेल्या पाण्याची भर मी स्वयंपाकघरातल्या त्याच प्युरिफायरमधून घालायचो. पाण्याची वाफ होते, तांबं मागे राहतं. उन्हाळ्यात पंखा लावून टँक गार ठेवायचा, म्हणजे भर जास्त आणि तांबंही जास्त. टीडीएस मीटरला यातलं काही कळत नाही, तो फक्त एकूण क्षार मोजतो. कॉपर टेस्ट किटवर प्युरिफायरच्या पाण्याला स्पष्ट रंग आला, टँकच्या पाण्याला पुसटसा. किट शून्य दाखवत असलं तरी निर्धास्त राहू नका. इन्व्हर्टना (गोगलगायी, कोळंबीसारख्या बिनकण्याच्या जिवांना) बाधणारं प्रमाण साध्या किटच्या पट्टीखालीही असू शकतं.

मग आरओ-डीआयच्या पाण्याने लागोपाठ पाणीबदल आणि फिल्टरमध्ये तांबं शोषणारं रेझिन. नुसत्या कार्बनवर विसंबू नका. दगड आणि वाळूत मुरलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं, म्हणून नवे स्नेल आणायला बरेच आठवडे थांबलो. ते टिकले, मागोमाग श्रिंपही. तिने आता दोनदा कात टाकलीये.

युनिटबद्दल तक्रारी आहेतच. वरच्या मजल्यावर प्रेशर पुरत नाही, बूस्टर पंप वेगळा घ्यावा लागला. एक बादली शुद्ध पाण्यामागे तीन-चार बादल्या बाहेर जातात. त्यातलं निम्मं लादी पुसायला आणि झाडांना लागतं, बाकीचं वाया. पावसाळ्यात सेडिमेंट फिल्टर बघता बघता तपकिरी होतो. रेझिन संपल्याचं रंगावरून कळत नाही. पुढच्या वेळी रंग बदलणारंच घेणार.

आईने स्वयंपाकघरातली कार्ट्रिज काढू दिलेली नाही.