ॲबीच्या बाजूने खेळताना : ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’

‘नॉटी डॉग’ या स्टुडिओचा हा गेम १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ वर आला आणि काही तासांतच समीक्षक व खेळाडूंचे गुण एकत्र मांडणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शून्य गुणांची रीघ लागली. गेम पुरा करायला पंचवीसेक तास लागतात, तेव्हा शून्य देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो संपवलेला असणे शक्यच नव्हते. त्यांची मते एप्रिलमध्ये इंटरनेटवर फुटलेल्या गेममधील दृश्यांवरूनच ठरली होती. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नव्या गेमवर खेळाडूंना गुण देण्यासाठी ३६ तासांची प्रतीक्षा सक्तीची केली.

पहिल्या भागाचा नायक, लाडका जोएल, याला ॲबी सुरुवातीलाच ठार मारते; तो शेवट पाहून जे दुखावले, त्यांचे दुःख मला पटते. मीही त्या प्रसंगानंतर कंट्रोलर खाली ठेवला होता. परंतु जोएलने मुलीसारखी जपलेली एली आणि तिचे दीना या मुलीवरील प्रेम, ॲबीचे पिळदार दंड आणि ॲबीच्या सोबतीला येणाऱ्या लेव्ह या मुलाचे ट्रान्स असणे यांवरून जो गदारोळ झाला, त्याला दुःख म्हणता येत नाही. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, हे तर अक्षम्यच आहे.

ॲबीचे शरीर वडिलांच्या खुनाचा सूड घेण्यासाठी वर्षानुवर्षे केलेल्या व्यायामातून घडले आहे, आणि तरीही ती उंचीला घाबरते. सिएटलच्या उंच इमारतींमधला डगमगता मार्ग ओलांडताना खाली पाहिले की पडद्यावरचे दृश्यही गरगरते, आणि लेव्ह मात्र पुढे बिनधास्त चालत असतो. त्याचा पाठलाग करणारे त्याला जुन्या नावाने हाक मारतात. त्याबद्दल तुला विचारायचे आहे का, असे तो ॲबीला विचारतो. मी विचारावे असे तुला वाटते का, असे ती उलट विचारते. तो नको म्हणतो आणि विषय तिथेच थांबतो. इतक्या साधेपणाने लिहिलेला प्रसंग मी गेममध्ये क्वचितच पाहिला आहे. मात्र लेव्हची ओळख आपल्याला शत्रूंच्या तोंडून कळते आणि तिच्याभोवती सतत छळच असतो, हा ट्रान्स खेळाडूंनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो.

आधी एली म्हणून खेळल्यावर मध्यावर कथा तीन दिवस मागे जाते आणि तेच दिवस ॲबी म्हणून खेळायचे असतात, तेव्हा खेळाची गती मंदावते. तरी गेम घ्यावाच, असे माझे मत आहे. या साऱ्या वादात एक गोष्ट झाकोळली गेली: त्यात साठहून अधिक सुलभता-सेटिंग्ज आहेत आणि त्यांच्या आधारे दृष्टिहीन खेळाडूंनीही तो शेवटपर्यंत खेळला आहे.