दांगमधला व्हॉलंटिअर प्रोग्राम: नक्की जा, पण छोटा स्लॉट घेऊ नका

नेपाळमध्ये दांग जिल्ह्यात तरुण मुलामुलींना कामधंदा शिकवणाऱ्या एका स्थानिक संस्थेसोबत व्हॉलंटिअरिंग करून आले. बुक करायच्या आधी मराठीत काही वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. प्रोग्राम चांगला आहे, संस्थेतली माणसं तर फारच चांगली आहेत, ज्या एजन्सीमार्फत बुकिंग होतं तिच्याबद्दल मात्र माझं मत वेगळंय, ते खाली येईलच.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे इथे अनाथाश्रमात नेत नाहीत. नेपाळ आणि व्हॉलंटिअरिंग म्हटलं की आधी तेच दाखवतात, लहान मुलांशी खेळा, गाणी शिकवा, फोटो काढा. 2015 च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं होतं की तिथल्या अनाथाश्रमांतल्या 85 टक्क्यांहून जास्त मुलांचे आई किंवा वडील, कोणीतरी एक हयात आहे. आणि बहुतेक आश्रम टुरिस्ट जातात त्याच मोजक्या जिल्ह्यांत. म्हणजे पैसे देणारे पाहुणे येतात म्हणून शिक्षणाचं आमिष दाखवून गावाकडून पोरं आणायची, हा धंदा आहे सरळसरळ. या संस्थेत येतात ती सोळा-सतरा ते बावीस वयाची मुलंमुली, संध्याकाळी आपापल्या घरी जातात, त्यामुळे कोणाच्या आयुष्यात चार दिवस आईबाप होऊन परत निघून यायचा प्रश्नच येत नाही.

काम काय असतं? शिवण, प्लंबिंग, मोबाईल रिपेअरिंग शिकवायला तिथलेच ट्रेनर आहेत, त्यात आपण लुडबुड करायची नाही. आपल्याकडे येतं ते इंग्रजी, अर्ज भरणं, बायोडेटा, इंटरव्ह्यूची तयारी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे परदेशी नोकरीचे कागद वाचून समजावणं. कारण तिथल्या पोरांपुढे मोठा रस्ता एकच दिसतो, गल्फ नाहीतर मलेशिया, शेजारपाजारचं कोणी ना कोणी गेलेलंच असतं.

एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. एकोणीस वर्षांचा मुलगा कतारच्या नोकरीचं काँट्रॅक्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आला. एजंटने तोंडी सांगितलेल्या पगारात ओव्हरटाइम आणि जेवणाचे पैसे आधीच धरलेले होते, कागदावरचा बेसिक पगार त्याहून बराच कमी होता. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते आणि त्या ओळीचा पुढचा अर्थ सांगत होत्या संस्थेत काम करणाऱ्या दिदी. 2015 पासून नियम आहे की गल्फचे सहा देश आणि मलेशियासाठी व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकाने करायचा आणि म्यानपावर कंपनीने (म्हणजे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीने) जास्तीत जास्त 10 हजार नेपाळी रुपये घ्यायचे. याच्याकडे त्याच्या कितीतरी पट मागितले होते आणि वडिलांनी सावकाराशी बोलणीही करून ठेवली होती! दिदींनी सांगितलं, जेवढे पैसे देशील तेवढ्याची पावती माग, पावती देत नसतील तर सही करू नको, आणि उद्या वडिलांना घेऊन ये. तो काही बोलला नाही, वहीत व्याजाचा हिशोब मांडत बसला, खोडून परत मांडला. मला तेव्हा त्या एजंटचा इतका राग आला होता की विचारू नका.

या दिदी म्हणजे प्रोग्रामचा कणा. त्या स्वतः लहानपणी कमलरी होत्या. माघीच्या सणाला थारू या तिथल्या आदिवासी समाजाच्या घरांतल्या मुली वर्षाच्या बोलीवर लोकांच्या घरी कामाला पाठवल्या जायच्या, ही प्रथा सरकारने अधिकृतपणे बंद केली ती थेट 2013 मध्ये. त्यांनी हे स्वतःहून सांगितलं, पण व्हॉलंटिअरने कोणालाही तुझी कहाणी सांग म्हणायचं नाही हा तिथला नियम आहे, चेहऱ्यांचे फोटो नाहीत, चॉकलेट-गिफ्ट वाटायचे नाहीत. मला हे फार पटलं. ही मुलं आपल्याशी बोलतात ती बरोबरीने, कोणी बिचारं म्हणून समोर बसत नाही.

राहणं थारू कुटुंबात, खोली साधी, स्वच्छ, तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिक्री मिळते ती मस्त. गरम पाणी मागावं लागतं.

आता एजन्सी. जाहिरातीत रडवेल्या मुलांचे फोटो, जे संस्थेच्या स्वतःच्या नियमाविरुद्ध आहेत. फीमधले संस्थेला किती जातात हे विचारलं तर दोन मेलनंतरही धड उत्तर नाही. आणि आठवड्याभराचा स्लॉट विकतात तो तर बंदच करायला हवा, कारण मुलांना आपले उच्चार कळायला लागतात तोवर आपण निघालेलो असतो आणि दिदींना नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. किमान महिन्याचा स्लॉट घ्या, तेवढी रजा नसेल तर हा प्रोग्राम नका करू. संस्थेला पाचपैकी पाच, एजन्सीला दोन.

जाणाऱ्यांसाठी: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र जवळ हवंच, नुसत्या आधारवर विसंबू नका. फी नेपाळी रुपयांत सांगितली तर 1.6 ने भागा. रुपैडिहा बॉर्डरवरून नेपाळगंज, तिथून कोहलपूर, लमही करत घोराही (दांगचं मुख्य शहर), बसने वेळ बराच जातो. पावसाळा आणि दशैं-तिहारचे (आपल्या दसरा-दिवाळीचे) दिवस टाळा, डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुकं असतं. फेब्रुवारी सगळ्यात बरा, दहावीची एसईई परीक्षा तोंडावर असते त्यामुळे इंग्रजीला मुलं स्वतःहून येतात. बुकिंग करताना एजन्सीकडे संस्थेचा थेट नंबर मागा आणि तारखा पक्क्या करायच्या आधी दिदींशीच बोलून घ्या.