पोपडे सुटलेल्या भिंतीला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी कितपत पुरते?

घरातल्या भिंतीचे पोपडे सुटले की रंगाच्या दुकानात पुट्टीचे, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायच्या लेपाचे, दोन प्रकार पुढे केले जातात: तयार ॲक्रिलिक पुट्टीची बादली, नाहीतर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीची पिशवी. बिर्ला व्हाइटची वॉलकेअर आणि जेके सिमेंटची वॉलमॅक्स ही दुसऱ्या प्रकारातली सगळीकडे मिळणारी नावं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत डोळे झाकून सिमेंटची पुट्टी घ्यावी, असं आमचं मत आहे. फक्त ती ओल अडवेल या भरवशावर घेऊ नये. ते तिचं कामच नाही.

ॲक्रिलिक पुट्टी लावायला मऊ, घासायला सोपी आणि कोरड्या खोलीत अगदी गुळगुळीत येते. पण भिंतीच्या आतून ओल आली की ती नरम पडते आणि वरच्या रंगाला घेऊन सुटते. जुन्या पद्धतीची, खडूच्या भुकटीची पुट्टी (तिला लांबी म्हणतात) तर त्याहून लवकर सुटते. सिमेंटची पुट्टी पाण्यानेच घट्ट होते, गिलाव्याला धरून बसते आणि थोड्याफार ओलीने विरघळत नाही. शिवाय किलोमागे ती स्वस्त पडते.

पिशवी फोडण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा डागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा कारणीभूत आहे. पलीकडे बाथरूम असेल तर टाइल्सचे सांधे आणि नहाणी ट्रॅप (जमिनीतली सांडपाण्याची जाळी) तपासा, बाहेरची भिंत असेल तर तडे आणि खिडकीखालचा भाग, तळमजल्यावर जमिनीलगत पट्टा ओला असेल तर घराच्या पायातून चढणारी ओल. हे दुरुस्त न करता लावलेली कुठलीही पुट्टी पुढच्या पावसाळ्यात खाली येते.

भिंतीवर बुरशीसारखी वाटणारी पांढरी, मिठासारखी पूड दिसते तो लोणा. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं आणि रंगामागे स्फटिक वाढतात. तेच रंगाला ढकलतात. लोणा पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. म्हणून तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करावा. नखाने उकरल्यावर गिलावा भुरभुरत असेल तर तेवढा भाग विटेपर्यंत काढून नवा गिलावा करायचा. भुसभुशीत गिलाव्यावर उत्तम पुट्टीही गिलाव्यासकट सुटेल.

आता खरवडणं. पेंटर घाईत फक्त लोंबणारे पोपडे काढतात आणि दोन महिन्यांनी जुन्या पॅचच्या कडेने नवे पोपडे उठतात. कडेच्या रंगावर ब्लेडने जाळीसारख्या रेघा मारा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. तुकडे निघाले तर तो रंगही जायलाच हवा. चुना किंवा साधं डिस्टेंपर हाताला लागत असेल तर पूर्ण काढावं, कारण पुट्टी त्या भुकटीला चिकटते, भिंतीला नाही. ऑइल पेंटवर सिमेंटची पुट्टी धरत नाही. इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या: रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा ऑइल पेंट कोरडा घासू नये. पाणी मारत घासावा, चांगला मास्क लावावा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

लावण्याआधी गिलाव्यावर हलकं पाणी मारा. कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी ओढून घेतो, सिमेंट कच्चं राहतं आणि हात फिरवला की पूड निघते. किलोभर पावडरीला ३६० ते ४०० मिली स्वच्छ पाणी लागतं. थोडी थोडी पावडर पाण्यात टाकत दहा-पंधरा मिनिटं मळा, गुठळी राहू देऊ नका. दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो चालवणं ही कामावर नेहमी दिसणारी लबाडी आहे, आणि तिथेच भिंत वाया जाते.

दोन हात (थर) पुट्टीच्या पत्र्याने मारायचे, दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत. खोल खड्डे आधी वाळू-सिमेंटने भरून सुकू द्या. पुट्टीने भरले तर तडकतात. दुसरा हात किमान तीन तासांनी, पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी. घासायला २२० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर. फार दिवस थांबलात तर पुट्टी इतकी कडक होते की घासताना हात भरून येतात. ॲक्रिलिकच्या तुलनेत हा तिचा खरा तोटा. पूर्ण सुकल्यावर पाण्याचा प्रायमर (रंगाआधीचा थर), मग इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग. प्रायमर लागत नाही असं सांगितलं जातं, पण पॅच केलेल्या भिंतीवर तो टाळला तर रंगात डाग उमटतात.

दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला दोन हातांना सहा-सात किलो धरा, खरवडलेली भिंत खडबडीत असेल तर आठ. काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत काढावं, भिंत तेव्हाच आतून सुकते. पिशवी घेताना तयार झाल्याची तारीख पाहा आणि बाहेरूनच दाबून बघा. कडक खडे लागले तर माल हवा लागून बसलेला आहे, परत करा. उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघडी पिशवी पावसाळा काढत नाही.